अप्पांच्या डोळ्यावरचा पडदा मोतीबिंदूचा नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

माझे वडील ६१ वर्षांचे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत पॉवरलूमवर चादरी-टॉवेल विणण्यात आयुष्य गेलं. बिडीची सवय जुनी. दिवाळीपासून खोकला होता. एक्स-रेत डाग दिसला म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, दोन महिने घेऊनही फरक नाही. मग सीटी, बायोप्सी. फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, रिपोर्टवर ‘अ‍ॅडिनोकार्सिनोमा’ लिहिलंय. एक किमो झाली. आता तीन आठवडे झाले, डाव्या डोळ्यापुढे वरून पडदा उतरल्यासारखं होतं म्हणतात. चष्म्याचा नंबर बदलून आणला, उपयोग नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब टाकून तपासलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, पडद्यामागे गाठ आहे, नसेलाही सूज वाटते, डोक्याचा एमआरआय करा आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना लगेच भेटा. मामा म्हणतात, टीबीच्या गोळ्यांनी डोळे जातातच. नाहीतर मोतीबिंदू असेल, शिबिरात ऑपरेशन करून टाकू. आणि कॅन्सर डोळ्यात गेलाच असेल तर आता डोळ्यावर पैसा घालून काय उपयोग? फुफ्फुसातला कॅन्सर खरंच डोळ्यात जातो का? डोळा काढावा लागेल का? मुंबईला न्यावं का? अप्पांना फक्त ‘छातीत गाठ आहे’ एवढंच माहीत आहे. रोज विचारतात, ‘मोतीबिंदूच आहे ना?’ काय सांगू?

— अप्पांची मुलगी, सोलापूर

उत्तर:

ताई,

मामांच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या घरातलं सगळं तिथेच अडलंय. कॅन्सर डोळ्यात उतरला असेल तर आजार चौथ्या स्टेजला आहे, हे खरं. तो मुळापासून जाणार नाही, हेही बहुतेक खरं. पण म्हणून डोळ्याकडे बघायचं नाही, असं होत नाही. पुढचे महिने, नशिबाने साथ दिली तर वर्षं, अप्पांनी रात्री स्वतःच्या पायाने मोरीपर्यंत जायचं की कुणीतरी उठून हात धरायची वाट बघायची, हे डोळ्यांवर ठरणार आहे. आज एक डोळा बिघडलाय. काही रुग्णांत दुसऱ्यातही हेच होतं. म्हणून घाई करायची ती डोळ्याचीच, आणि एमआरआय अजून झाला नसेल तर पुढच्या किमोची वाट न बघता करून घ्या.

फुफ्फुसातला कॅन्सर डोळ्यात जातो का? जातो. डोळ्याच्या आतल्या पडद्यामागे, म्हणजे रेटिनामागे, रक्तवाहिन्यांचा एक दाट थर असतो, त्याला कोरॉइड म्हणतात. डोळ्यात येणारं बहुतेक रक्त याच थरातून फिरतं. फुफ्फुसातून सुटलेल्या पेशी रक्ताबरोबर वाहत येतात आणि इथे अडकतात. बायकांमध्ये डोळ्यातल्या अशा गाठींचं मूळ बहुतेक वेळा स्तनाच्या कॅन्सरमध्ये सापडतं, पुरुषांमध्ये फुफ्फुसात. काही जण तर अंधुक दिसतं म्हणून डोळ्यांच्या दवाखान्यात येतात आणि छातीतला कॅन्सर तिथून कळतो.

गाठीच्या आजूबाजूला पाणी सुटतं, पडदा जागचा उचलला जातो. ते पाणी बसल्यावर, उभं राहिल्यावर खाली साचतं. डोळ्यात चित्र उलटं पडतं, त्यामुळे खालचा पडदा सुटला की माणसाला वरचं दिसेनासं होतं. ‘वरून पडदा उतरतो’ हे अप्पांचं वर्णन इतकं चोख आहे की मी विद्यार्थ्यांना वाचून दाखवलं असतं. मोतीबिंदू असा येत नाही. तो वर्ष-दोन वर्षांत सगळीकडून धुकं दाटल्यासारखा येतो, एका बाजूने पडदा टाकत नाही. एकसष्टीच्या माणसाला थोडाफार मोतीबिंदू असणारच, आणि शिबिरातल्या घाईत तोच दिसेल. पण त्याचं ऑपरेशन करून हा पडदा हलणार नाही, वर महिना फुकट जाईल. मामांना एवढं नक्की सांगा.

टीबीच्या गोळ्यांबद्दल मामा अगदी हवेत बोलत नाहीत. एकेटीतल्या, म्हणजे टीबीच्या औषधांच्या कोर्समधल्या, इथॅम्ब्युटॉल या गोळीने डोळ्याच्या नसेला इजा होऊ शकते. पण ती इजा साधारण दोन्ही डोळ्यांना सारखीच होते, मधोमध दिसायला कमी येतं, लाल-हिरवा रंग ओळखायला गोंधळ होतो, आणि सुरुवातीला आत तपासल्यावर डॉक्टरांना फारसं काही दिसत नाही. अप्पांचा एकच डोळा बिघडलाय आणि आत गाठ दिसली आहे. तरीही गोळ्या कधी सुरू झाल्या, कधी बंद केल्या, की अजून चालूच आहेत, हे कॅन्सरच्या डॉक्टरांना तारखेसह सांगा. याला दुसरं कारण आहे आणि ते फार जणांना माहीत नसतं. एकेटीतलं रिफॅम्पिसिन कॅन्सरच्या काही गोळ्यांची ताकद शरीरात उतरवून टाकतं. गोळी महागाची असो की स्वस्तातली, ती रक्तात पुरेशी टिकतच नाही. टीबी थुंकीत सिद्ध झाला होता की नुसत्या एक्स-रेवर गोळ्या दिल्या होत्या, हेही विचारून घ्या. मात्र गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

आता नसेची सूज. गाठीपेक्षा मला हिची जास्त काळजी वाटते. डोळ्याची नस ही मेंदूचाच पुढे आलेला भाग. मेंदूभोवतीची आवरणं आणि त्यातलं पाणी तिच्याभोवतीही असतं. त्यामुळे नसेची सूज तीन कारणांनी असू शकते. शेजारची गाठ नसेपर्यंत पोचली असेल. आजार मेंदूच्या आवरणात शिरून पाण्यावाटे नसेला लागला असेल. किंवा मेंदूत गाठ असून डोक्यातला दाब वाढला असेल, आणि तसं असेल तर सूज बहुधा दोन्ही बाजूंना दिसते. तिन्हींचे उपचार वेगळे. म्हणून एमआरआयच्या चिठ्ठीवर नुसतं ‘ब्रेन’ नको, ‘ब्रेन आणि ऑर्बिट (डोळ्याची खोबण), कॉन्ट्रास्टसह’ असं आहे का बघा, नसेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्या. कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून टोचतात ते औषध, देण्याआधी किडनीची रक्ततपासणी, म्हणजे क्रिएटिनिन, मागतात. ती आदल्या दिवशीच करून ठेवली की सेंटरवरून परत यावं लागत नाही. एमआरआयमध्ये आवरणाचा संशय आला तर पाठीतून पाणी काढून तपासायला सांगतील. ‘पाठीत सुई मारली की माणूस लुळा पडतो’ असं नातेवाईक म्हणतील. पडत नाही. एमआरआय बघून, दाबाचा अंदाज घेऊन मगच ते करतात.

डोकं दुखणं सकाळी जास्त आणि सोबत उलट्या, एकाचे दोन दिसणं, अचानक पूर्ण अंधार, फिट, हातपाय गळल्यासारखे होणं, किंवा डोळा लाल होऊन ठणकणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, कॅज्युअल्टीत न्या.

उपचारांकडे येण्याआधी एक काम, आणि माझ्या मते तुमच्या हातातलं ते सगळ्यात मोठं. बायोप्सीत काढलेला तुकडा लॅबमध्ये मेणात बसवून ठेवलेला असतो. त्याला ब्लॉक म्हणतात. बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची डबी, त्यावर नंबर, आत मेणाचा चौकोन आणि त्यात मुगाच्या डाळीएवढा तुकडा. त्याच तुकड्यावर ईजीएफआर, एएलके, आरओएस-१ आणि पीडी-एल१ या तपासण्या होतात. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख नाही, म्हणजे झाल्या नसाव्यात किंवा रिपोर्ट यायचा असावा. अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या प्रत्येक रुग्णाच्या या तपासण्या व्हायला हव्यात. यातल्या पहिल्या तीन तपासण्यांत कॅन्सरच्या जनुकांतले बदल शोधतात. हे बदल बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांत जास्त सापडतात, पण ओढणाऱ्यांतही सापडतात, म्हणून ‘अप्पांची बिडी आहे, यांचं काही निघणार नाही’ असं कुणी म्हटलं तर ऐकून सोडून देऊ नका. बदल सापडला तर रोजच्या गोळीवर छातीतली गाठ आणि डोळ्यातली गाठ दोन्ही बहुधा आक्रसतात, कधीकधी डोळ्याला वेगळं काही करावं लागत नाही. ईजीएफआरवाल्यांसाठी जेफिटिनिब, एर्लोटिनिब या जुन्या गोळ्या भारतीय कंपन्या बनवतात आणि त्या बऱ्याच स्वस्त पडतात. ओसिमर्टिनिब ही नवी गोळी मेंदूपर्यंत चांगली पोचते, अप्पांसारख्यांना ती जास्त उपयोगाची, पण महाग आहे. २०२४ च्या अर्थसंकल्पात तिच्यावरची कस्टम ड्युटी काढली, तरी अजून आपल्यासारख्यांच्या खिशाला जडच. कंपनीची मदत योजना आहे का, हे डॉक्टरांना तोंडाने विचारा. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. ब्लॉकमध्ये तुकडा पुरेसा नसेल तर रक्तावरूनही काही तपासण्या होतात.

डोळा काढावा लागतो का? जवळजवळ कधीच नाही. दृष्टी पूर्ण गेलीय आणि डोळा असह्य ठणकतोय, कशालाच दाद देत नाही, अशा एखाद्या रुग्णात. अप्पांचा प्रश्न तो नाही.

गोळी लागू पडणार नसेल किंवा तिचा गुण येईपर्यंत डोळ्याची नस थांबू शकणार नसेल तर रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘लाइट घेणं’ म्हणतात ते. बऱ्याच ठिकाणी १० बैठका, दोन आठवड्यांत. डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा साचा बसवतात. गरम पाण्यातून काढलेली मऊ प्लॅस्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबली की काही मिनिटांत घट्ट होते, मग रोज तीच. पहिल्या दिवशी माणूस घाबरतो, जीव गुदमरेल असं वाटतं. अप्पांना आधी सांगून ठेवा की जाळीतून श्वास घेता येतो आणि आतलं काम काही मिनिटांचं, न दुखणारं असतं. नंतर डोळा कोरडा पडतो, पुढे मोतीबिंदू लवकर वाढू शकतो, क्वचित काही महिन्यांनी पडद्याला किंवा नसेलाही त्रास होतो. पडदा पाण्याने उचललेला असेल तर पाणी ओसरल्यावर दिसणं पुष्कळदा सुधारतं. नस दबून गेलेली दृष्टी मात्र सहसा परत येत नाही. तीन आठवडे आधीच गेलेत, ते याचसाठी बोचतात.

सूज उतरवायला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतील. त्याने साखर वाढते, झोप उडते, भूक सुटते. अप्पांना शुगर असेल तर ग्लुकोमीटर घरी ठेवा. आणि बरं वाटलं म्हणून ती गोळी एकदम बंद करू नका, डॉक्टर ती हळूहळू उतरवतात.

बिडी बंद करायची का, असं पत्रात विचारलेलं नाही, तरी सांगतो. एर्लोटिनिबसारख्या गोळीची ताकद धूम्रपानाने कमी होते, एवढं कारण अप्पांना पुरेल. आणि आई बिड्या वळत असेल, सोलापुरातल्या कितीतरी घरांत वळतात, तर ‘तुझ्याच बिड्यांनी’ वगैरे घरात कुणालाही बोलू देऊ नका. त्या मजुरीवर घर चाललंय.

मुंबईचं म्हणाल तर मत मोठ्या ठिकाणचं घ्यावं, उपचार जमेल तितके जवळ. आपल्या जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे, टाटा मेमोरियलच्या ग्रामीण कॅन्सर प्रकल्पाशी जोडलेलं. सिव्हिलमध्येही विचारा. परळला टाटात जायचं ठरलंच तर ब्लॉक, बायोप्सीच्या काचपट्ट्या (स्लाइड), सीटी-एमआरआयच्या फक्त कागदी नव्हे तर सीडीवरच्या प्रती, किमोचं डिस्चार्ज कार्ड आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जा. ब्लॉक नसला की तिथे पहिला दिवस वाया जातो. टाटाच्या तज्ज्ञांचं मत ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेतूनही कागद पाठवून घेता येतं. अप्पांना आत्ता प्रवास झेपत नसेल तर आधी तेच करा. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने न्यायचं असेल तर कॅन्सर रुग्णाच्या सवलतीचा रेल्वेचा ठरलेला फॉर्म हॉस्पिटलकडून भरून आणा. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला मूळ भाडं पडत नाही, तिकीट मात्र काढावं लागतं, सोबतच्यालाही मोठी सूट असते.

पैशाचं बघताना महात्मा फुले जनआरोग्य योजना आता कुठल्याही रंगाच्या रेशनकार्डावर लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं. किमो आणि रेडिएशन त्यात बसतं, गोळ्या बसतात की नाही हे आधीच विचारा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज उपचारांच्या अंदाजपत्रकासह करता येतो. आईकडे बिडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर बिडी कामगारांच्या दवाखान्यात कॅन्सरच्या मदतीबद्दल विचारा. हे कार्ड घराघरांत ट्रंकेत पडून असतं.

घरात आजपासून करायच्या दोन गोष्टी. एक, दर दोन दिवसांनी अप्पांसमोर तांबड्या काठाची चादर धरा, एकेक डोळा हाताने झाकायला सांगा. काठ सरळ दिसतो की वाकडा, आणि तांबडा रंग दोन्ही डोळ्यांना सारखाच दिसतो की एकाला फिका, हे विचारा. ज्या माणसाने चाळीस वर्षं सुताचा रंग नजरेने जुळवला त्याच्याइतका अचूक फरक आमचं मशीनही लवकर पकडत नाही. उजव्या डोळ्यात काही बदल वाटला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता दाखवायचं. दुसरी, एका डोळ्याने खोलीचा अंदाज चुकतो. चहा कपाबाहेर पडतो, शेवटची पायरी हुकते. त्यांना गाडी चालवू देऊ नका, जेवताना त्यांच्या उजव्या हाताला बसा.

आता ‘मोतीबिंदूच आहे ना?’

जो माणूस रोज तोच प्रश्न विचारतो त्याला मोतीबिंदू नाही हे कळलेलं असतं. तो तुमचा चेहरा बघत असतो. आपल्याकडे रीतच अशी की मामाला माहीत, जावयाला माहीत, शेजारच्या काकूंना माहीत, आणि ज्याच्या छातीत गाठ आहे तोच अंधारात. सगळं घर त्याच्यासमोर नाटक करतं, आणि तो घरच्यांसाठी न समजल्याचं नाटक करतो. मला हे पटत नाही. शिवाय जाळी बसवायला, पाठीतून पाणी काढायला सही त्यांची लागणार आहे. मोतीबिंदू म्हणून नेलेल्या माणसाला डोकं पकडणारी जाळी दाखवली तर त्याचा तुमच्यावरचा विश्वास उडेल, तो परत बसणार नाही.

सगळं एका बैठकीत सांगायची गरज नाही. शक्य असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांनी, तुमच्या समोर सांगावं. घरी तुम्हीच सुरुवात करणार असाल तर आधी विचारा, ‘अप्पा, डॉक्टरांनी जे सांगितलंय ते सगळं ऐकायचंय, की मी बघते म्हणून सोडायचंय?’ ते ‘सोड’ म्हणाले तर त्यांचा तो हक्क आहे, त्या दिवशी तिथेच थांबा. ‘सांग’ म्हणाले तर साधं सांगा: ‘मोतीबिंदू नाही. छातीतला आजार कॅन्सरचा आहे आणि तोच रक्तातून डोळ्यात आलाय. दिसणं टिकवायला उपचार आहेत, त्यासाठी घाई करायची आहे.’ ‘मी बरा होईन का?’ असं विचारलं तर ‘पूर्ण जाणार नाही म्हणतात, दाबून ठेवता येतो’ इतकंच, कारण तेच खरं आहे. रिपोर्ट यायच्या आधी महिने-वर्षं मोजून सांगू नका. नुसत्या किमोवर चालणाऱ्या बऱ्याच रुग्णांचा हिशोब महिन्यांत होतो, गोळी लागू पडलेल्यांपैकी काहींचा वर्षांत. ब्लॉकच्या रिपोर्टशिवाय अप्पा कुठल्या बाजूचे हे कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. घरात तेलुगू बोलत असाल तर हे तेलुगूतच बोला. आणि आईला वगळू नका.

दुखणं, दम, झोप यांचा त्रास वाढला तर ते सोसत बसायचं नसतं, त्यासाठीही औषधं असतात. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून आहे, तिथे पैसे घेत नाहीत. रुग्ण अगदी शेवटाला आल्यावरच तिथे जायचं असं काही नाही, उपचार चालू असतानाही जाता येतं.

मामांना सोमवारी कामाला लावा. त्यांची काळजी खरी आहे, तिला काम नाही म्हणून ती सल्ले देत सुटली आहे. एमआरआयची वेळ तुम्ही घ्या, आणि बायोप्सी जिथे झाली त्या लॅबमध्ये त्यांना पाठवा: रिपोर्टवरचा नंबर दाखवायचा, ब्लॉक आणि स्लाइड आहेत का विचारायचं, ईजीएफआरची तपासणी पाठवली होती का विचारायचं, नसेल तर कधी पाठवणार हे लिहून आणायचं. रिपोर्ट आला की मला कळवा.